मंत्रचळ म्हणून हसण्याआधी


आपल्या केंद्रात एक बाई आली. तक्रार मारहाणीची. माझं लक्ष गेलं तिच्या सालं निघालेल्या हातांकडे. दिवसाला साबणाची एक वडी संपते, पाण्यावरून भांडण होतं, नवरा मारतो. पूर्वी हीच 'किती टापटिपीची' होती, आता 'मंत्रचळ लागलाय'! विटाळ, सोवळं-ओवळं यांमुळे हा आजार होतो असं नाही. पण आपल्याकडे त्याला रूप मिळतं ते त्यांचंच.

नको असलेला विचार मनात घुसतो, भीती वाढते, हात धुतले की थोडी उतरते. म्हणून पुन्हा धुणं. हे अती होतंय, हे बहुतेकींना कळत असतं. काहींना तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल असे विचार छळतात. अशी आई त्या विचारांनीच हादरलेली असते, आणि कुणाला सांगत नाही.

औषधांनी फरक पडतो. वर्तनोपचारात भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं, पण धुवायचं नाही. 'स्वच्छ आहे ना?' याला दहादा 'हो' म्हणणं म्हणजे आजाराला खतपाणी. मीही आधी तेच करत होते.

नवऱ्याने मग घटस्फोटाची धमकी दिली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हे कारण आहे खरं. पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे. त्याच्या वकिलाला आम्ही हेच ऐकवलं. मारहाणीची तक्रार अर्थातच मागे घेतलेली नाही.