लेकराचे पैसे, आईचे खाते

अंगणवाडीत मुलांचा गरम आहार वाटून झाला की सेविकेच्या टेबलापाशी बाया जमू लागतात. कुणी रेशनकार्डाची झेरॉक्स आणलेली असते, कुणी बाळाचे लसीकरण कार्ड, कुणी पदरात गुंडाळलेले पासबुक. विचारायचे एवढेच असते: ताई, माझा हप्ता का आला नाही?

आधी हप्ता कोणता, हे पाहावे लागते. केंद्राची प्रधानमंत्री मातृवंदना योजना वेगळी, राज्याची लेक लाडकी वेगळी. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये तर बाईचे स्वतःचे, त्यांचा बाळाच्या जन्माशी संबंध नाही. नावे जवळजवळची असल्याने घोळ होतो.

मातृवंदनेत पहिल्या बाळंतपणासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाली की ३००० आणि बाळाच्या जन्माची नोंद होऊन साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २०००. दुसरे अपत्य मुलगी असेल, तर ६००० रुपये एकरकमी. ही सुधारित पद्धत एप्रिल २०२२ पासूनची. दुसऱ्या मुलीसाठीचा अर्ज बाळ नऊ महिन्यांचे होण्याआधी जायला हवा, आणि ओल्या बाळंतिणीच्या घरात नेमकी हीच तारीख निसटते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीतल्या महिला वगळता प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ साली योजना देशभर आली ती पहिल्या अपत्यापुरती, ५००० रुपयांची. उरलेली रक्कम दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी मिळणाऱ्या जननी सुरक्षा योजनेतून भरून निघते, असे सरकार म्हणते. पण पहिल्या अपत्याचा तो ५००० चा आकडा आजही तोच आहे. डाळ, दूध, अंडी यांचे भाव मात्र तेव्हाचे राहिलेले नाहीत. बाळंतिणीच्या ताटाचा विचार करणाऱ्या योजनेत हे खटकायलाच हवे.

लेक लाडकीचा पल्ला मोठा आहे. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबातल्या मुलींसाठी ती आहे. वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवे. जन्मानंतर ५०००, पहिलीत गेल्यावर ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,०००; सगळे मिळून १ लाख १ हजार. शेवटच्या हप्त्याच्या वेळी मुलगी अविवाहित असली पाहिजे. बालविवाह थोपवण्यासाठी ही अट रास्तच आहे.

मात्र जाहिरातीतला लाखाचा आकडा वाचताना थोडे गणित करावे. योजनेतल्या सर्वांत मोठ्या मुलीलाही ७५,००० मिळायला २०४१ साल उजाडेल. महागाई दरसाल ५ टक्के धरली, तर तिच्या जन्माच्या वेळच्या हिशेबाने ते सुमारे ३१ हजार होतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर आई किंवा वडिलांच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचा दाखलाही लागतो. कागदावर ‘आई किंवा वडील’ असे असले, तरी महाराष्ट्रात पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे टेबलावर पडतो तो दाखला बहुधा बाईचाच.

सगळे नियमात बसूनही पैसे येत नाहीत, ते का? पुष्कळदा कारण बँकेत सापडते. मातृवंदनेचे पैसे आधारच्या आधारे जातात. आधार क्रमांक सर्वांत शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला, त्या बँकेतल्या खात्यात ते जमा होतात. बाई सासरच्या गावातल्या पासबुकावर रोज एन्ट्री मारून पाहते आणि पैसे लग्नाआधी माहेरी उघडलेल्या, कधीच विसरलेल्या खात्यात पडून असतात. ‘माझे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे?’ हा प्रश्न आधी विचारला, तर पाच-सहा चकरा वाचतील. दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचे आडनाव, रेशनकार्डावर सासरचे. तेवढ्यावरून पोर्टल अर्ज मागे फिरवते. त्यामुळे गरोदरपणाची नोंद करतानाच नावाची दुरुस्ती करून घेतलेली बरी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे हाल यात अधिक. दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेले बिऱ्हाड उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. तपासणी एका जिल्ह्यात, लस दुसऱ्या. अशा बाईने लसीकरण कार्ड जिवापाड जपावे, कारण दुसऱ्या गावच्या आशाताईला किंवा सेविकेला पुढची नोंद त्याच्याच आधारे करता येते.

बालसंगोपन योजनेविषयी तर फारच कमी बोलले जाते. सावित्रीबाई फुले यांचे नाव असलेल्या या योजनेत २०२३ पासून मुलामागे महिना २२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत मिळतात. मूल पूर्ण अनाथ असावे अशी अट नाही. एक पालक गमावलेल्या मुलासाठीही अर्ज करता येतो. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, गृहचौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. नवरा गेलेल्या बाईला त्या दिवसांत हे कोण सांगणार? वर्गातल्या कोणत्या मुलाचे वडील गेले, हे शिक्षकांना ठाऊक असते. त्यांनी त्या आईला बोलावून अर्जाची माहिती द्यावी आणि शाळेचा दाखला त्याच दिवशी तिच्या हाती ठेवावा.