प्रश्न विचारण्यापूर्वीची तालीम



समाजकार्याचा नवा विद्यार्थी पनवेलहून उरणमार्गे करंज्याच्या कोळीवाड्यात उतरतो, तेव्हा त्याच्या हाती प्रश्नांची वही असते. अशा वह्या या परिसराला नव्या नाहीत. शेजारचे न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. भूसंपादन आणि पुनर्वसनाच्या निमित्ताने तालुक्यात विचारपूस पुष्कळ झाली. मग नवख्याने आपला हात अशाच घरात बसवून घ्यावा काय?

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावे समाजकार्याची शिक्षणसंस्था उभी राहिली. वस्तीतील प्रत्यक्ष काम हा या शिक्षणाचा कणा, आणि तो तसाच राहावा. मात्र त्याआधी वर्गात एक तालीम व्हावी. डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ च्या सुमारास अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे सोंग घेतलेला रुग्ण बसवला, त्याच जातीची ही तालीम.

समजा, एक विद्यार्थिनी करंज्याची मासळी विकणारी बाई झाली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी किनाऱ्यावर, डिझेलची उधारी डोक्यावर. समोरचा विद्यार्थी तिसऱ्याच प्रश्नाला विचारतो, "नवरा दारू पितो का?" ती म्हणते, "नाय." त्यानंतर सगळी उत्तरे एका शब्दाची. विचारणाऱ्याला हे कळतही नाही. तो पुढच्या प्रश्नाच्या विवंचनेत असतो. भोवती गप्प बसलेल्यांना मात्र लख्ख दिसते. एकाने केवळ प्रश्न टिपले आहेत, दुसऱ्याने तिच्या हातांची चुळबुळ, तिसऱ्याने शांततेचे क्षण. कार्यकर्त्याला शांतता सोसत नाही, तो लगेच सल्ला देतो. (हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा, असे कोणी समजू नये.)

तालीम तेथेच थांबवून पुन्हा मांडता येते. या वेळी तो विचारतो, "बंदीच्या दिवसांत घर कसं चालतं?" आणि थांबतो. बराच वेळ जातो. मग उधारीचा विषय तीच काढते.

सोंगाला मर्यादा आहे. वर्गातली कोळीण तास संपताच हसत उठते. म्हणून निरीक्षकांनी अखेरीस तिलाच विचारावे: तुला बोलावेसे केव्हा वाटले, केव्हा नकोसे झाले? करंज्याची बाई हे आपण होऊन सांगायला येणार नाही. ती दार लोटून घेईल.