निखळणारा खांदा : लपवू नका, दाखवा

(भिंगार येथील व्याख्यानाचा सारांश)



लष्करी छावणी आणि भिंगार यांचे नाते जुने. भरतीचे स्वप्न पाहत पहाटे धावणारी, तालमीत घाम गाळणारी मुले येथे घरोघरी आहेत. त्यांतील एखाद्याचा खांदा निखळतो, कोणीतरी ओढून बसवतो. पुढे सदरा घालतानाही तो निसटू लागतो. मुलगा मात्र ते लपवतो. आजचे बोलणे त्याच्यासाठी आहे.

खांदा हा शरीरातील सर्वाधिक मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा माथा मोठा आणि खोबण उथळ. खोबणीभोवतीची कूर्चेची कड व अस्थिबंध त्याला सावरतात. खांदा पुढे निखळला की बहुधा हीच कड पुढून फाटते. ब्रिटिश शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ साली या इजेकडे लक्ष वेधले. विशीच्या आतील मुलांत खांदा पुन्हा निखळण्याचा धोका प्रौढांहून पुष्कळ अधिक असतो आणि दरवेळी हाड झिजत जाते.

काखेत मुसळाचा आधार देऊन सांधा उचलावा व स्वस्तिकबंधाने बांधावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. हा वारसा अभिमानास्पदच. परंतु सांधा जागेवर बसला म्हणजे फाटलेली कड जुळली, असे नव्हे.

म्हणून एमआरआय आणि आवश्यक तर सीटी स्कॅन करून निदान करावे. हाड शाबूत असेल तर दुर्बिणीद्वारे फाटलेली कड खोबणीला पुन्हा शिवतात. खोबणीचा सुमारे पाचवा हिस्सा झिजला असेल, तर फ्रेंच शल्यविशारद लाटार्जे यांनी १९५४ साली मांडलेल्या पद्धतीने खांद्याजवळच्याच हाडाचा तुकडा तेथे स्क्रूने बसवतात. विलंब झाला की सोपी शस्त्रक्रिया अपुरी पडते, ती अशी.

त्यानंतर काही आठवडे हात झोळीत आणि मग चिकाटीने व्यायाम. कुस्ती-कबड्डीसाठी साधारण सहा महिने धीर धरावा लागतो. शंभर टक्के हमी कोणी देऊ नये; पण यश बहुतेकांना लाभते. मुंबईचा श्रेयस अय्यर आठवा. मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्याचा खांदा दुखावला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणातच त्याने शतक झळकावले.

माता-पित्यांना एवढीच विनंती : मुलगा हात डोक्यावर नेताना कचरत असेल, तर त्याला रागावू नका, अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. दुखणे सोसणे हे शौर्य खरे. पण ते वेळीच सांगणे, हाही शिस्तीचाच भाग आहे.