लोण्यातील किरणोत्सर्ग आणि मात्रेचा हिशेब

(धरणगाव येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रावेर-यावलची केळी खानदेशात घरोघर खाल्ली जातात. केळ्याच्या एक किलो गरात सुमारे ११० बेकरेल किरणोत्सर्ग असतो, म्हणजे त्यातील पोटॅशियमचे सुमारे ११० अणू दर सेकंदाला फुटत असतात. हे ऐकून कोणीही क्षणभर दचकेल. परंतु शरीर गरजेपुरतेच पोटॅशियम राखते व जादा बाहेर टाकते. म्हणून केवळ बेकरेलचा आकडा ऐकून धोका ठरविता येत नाही. त्या पदार्थामुळे माणसाच्या देहाला किती मात्रा मिळते, हा खरा प्रश्न असतो.

हा प्रश्न मुंबईपुढे एकदा प्रत्यक्ष उभा राहिला. २६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. वाऱ्याबरोबर किरणोत्सर्गी द्रव्ये युरोपभर पसरली आणि आयर्लंडच्या कुरणांवरही पडली. पुढे युरोपीय समुदायाच्या मदतीतून आयर्लंडचे २०० टन लोणी मुंबईस आले. लोकांत साहजिकच धास्ती पसरली आणि प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने प्रा. एम. जी. के. मेनन, डॉ. पी. के. अय्यंगार व श्री. जी. व्ही. के. राव यांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी ठरविलेल्या मर्यादेतील दूध व अन्नपदार्थ मनुष्यास निर्धोक आहेत काय, हा समितीपुढील प्रश्न होता. ते निर्धोक असल्याचा अभिप्राय समितीने दिला व १९८८ साली न्यायालयाने याचिका फेटाळली.

असा अभिप्राय तीन गोष्टींच्या गुणाकारावर उभा असतो: पदार्थात द्रव्य किती, माणूस तो पदार्थ किती खातो आणि पोटात गेलेल्या प्रत्येक बेकरेलची मात्रा किती. समजा, लिटरभर दुधात ५० बेकरेल सीझियम-१३७ आहे आणि प्रौढ माणूस रोज अर्धा लिटर दूध पितो. वर्षाकाठी त्याच्या पोटात सुमारे ९,१०० बेकरेल जातील. त्यापासून मिळणारी मात्रा सुमारे ०.१२ मिलिसीव्हर्ट होते. निसर्गातून माणसाला मिळणारी वार्षिक मात्रा जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट आहे. लोण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अनुकूल असते. सीझियम पाण्यात विरघळते. त्यामुळे घुसळताना ते बहुतांशी ताकात उतरते व लोण्यात थोडेच उरते.

मात्र या हिशेबात सर्व माणसे सारखी धरून चालत नाही. आयोडिन-१३१ गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठते. ते तितकेच पोटात गेले, तरी वर्षाच्या बालकाला प्रौढाच्या सुमारे आठपट मात्रा मिळते. त्याचे बळ दर आठ दिवसांनी निम्मे होते. म्हणून पहिले काही आठवडेच निर्णायक असतात. १९५७ साली इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा आसपासच्या प्रदेशातील दूध काही आठवडे ओतून देण्यात आले. चेर्नोबिलच्या परिसरात दूध वेळीच सर्वत्र थांबविले गेले नाही. बालपणी ते प्यालेल्या हजारो जणांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. त्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत दुधातील आयोडिन हेच कारण मानले जाते. म्हणून हिशेब नेहमी सर्वांत नाजूक व्यक्तीचा करावयाचा असतो आणि शंका असेल तेथे मोठा आकडा धरावयाचा असतो.

आपल्या राज्यात तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ पासून आहे. तेथील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा परिसरातील पाणी, दूध, मासे व भाजीपाला नियमितपणे तपासते. दूध व मासळी तपासण्याचे कारण उघड आहे: किरणोत्सर्गी द्रव्य माणसापर्यंत पोचते ते मुख्यतः ताटातून.

गावात अशी बातमी आली, तर शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी अफवेला बळी पडू नये, तसेच कोरड्या आश्वासनावरही थांबू नये. द्रव्य कोणते, पदार्थात किती, तो कोण खातो व किती, आणि लहान मुलांचा हिशेब वेगळा केला आहे काय, हे प्रश्न त्यांनी अधिकाऱ्यांना विचारावेत. या प्रश्नांची आकड्यांसह उत्तरे मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे आणि ती देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.