पायदळाची विमानं, आरमाराचं जहाज



नौदलाची लढाऊ विमानं आपल्याला नवी नाहीत. गोव्यात दाबोळीला नौदलाचा ‘हंसा’ तळ आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. जुनी ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा तुमच्यापैकी काही जण मुलाबाळांना घेऊन तिच्या डेकवर फिरूनही आले असतील. आपल्याकडे हिशेब सरळ आहे. जहाज नौदलाचं, विमान नौदलाचं आणि वैमानिकही नौदलाचाच. अमेरिकेत मात्र नौदलाच्या विमानवाहू जहाजावर काही वेळा मरीन कोअरची स्क्वॉड्रन असते. मरीन म्हणजे मुळात पायदळ. समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि रायफल घेऊन पुढे सरकायचं, हे त्यांचं काम. मग पायदळाला स्वतःची लढाऊ विमानं कशाला हवीत? आणि हवीत तर ती दुसऱ्याच्या जहाजावर कशाला?

आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डोक्यावरच्या वैमानिकाला आपली गत ठाऊक आहे की नाही, यावर खाली चिखलात पडलेल्या सैनिकाचा जीव अवलंबून असतो. मरीन लोक विमानांसाठी इतकी वर्षं भांडले ते यासाठीच.

भांडणाचं मूळ ग्वादलकनालमध्ये आहे. ७ ऑगस्ट १९४२ रोजी सॉलोमन बेटांपैकी या बेटावर मरीन उतरले. दुसऱ्याच संध्याकाळी नौदलाची विमानवाहू जहाजं निघून गेली. जहाजं गमावण्याची भीती खरी होती, तेव्हा सेनापतीला सरसकट दोष देणं मला योग्य वाटत नाही. पण त्यामागोमाग मालवाहू जहाजंही गेली, बरंचसं सामान उतरवायचं राहिलं आणि किनाऱ्यावरच्या सैनिकांच्या डोक्यावर आपलं एकही विमान उरलं नाही. २० ऑगस्टला ‘लाँग आयलंड’ या छोट्या विमानवाहू जहाजावरून १९ वाइल्डकॅट आणि १२ डाँटलेस विमानं उडाली आणि बेटावरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरली. ही विमानं मरीनांची होती. मधले दिवस त्या पिढीचे मरीन विसरले नाहीत. पुढे नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावाच्या किनाऱ्यावर हवाई मदतीचा मेळ नीट बसला नाही, तेव्हा आपली विमानं आपल्याच उतरणाऱ्या तुकड्यांसाठी जहाजांवर हवीत, ही मागणी त्यांनी लावून धरली.

पण मरीन वैमानिक मोठ्या जहाजांवर पोचले ते वेगळ्याच कारणाने. ऑक्टोबर १९४४ पासून फिलिपाइन्सच्या समुद्रात जपानी वैमानिक विमानासकट जहाजांवर कोसळू लागले. त्यांना वाटेतच पाडायला अधिक लढाऊ विमानं हवी होती आणि नौदलाकडे तेवढे तयार वैमानिक नव्हते. मरीनांकडे होते, आणि त्यांच्याकडे कॉर्सेअर होतं.

या कॉर्सेअरची कथा फार बोलकी आहे. दोन हजार अश्वशक्तीचं इंजिन आणि त्याला पेलेल असा प्रचंड पंखा. तो पंखा जमिनीला लागू नये म्हणून पंख मुळाशी खाली वाकवून पुढे वर वळवलेले. नाक इतकं लांब की जहाजावर उतरताना वैमानिकाला समोरचा डेकच दिसत नसे. वेग कमी केला की डावा पंख आधी गळायचा आणि चाकं टेकली की विमान उसळायचं. डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत शेपटीचा आकडा अडकला तरच विमान थांबतं. उसळलेलं विमान ती तार ओलांडून पुढे उभ्या असलेल्या विमानांत घुसू शकतं. म्हणून नौदलाने आपल्या जहाजांसाठी हेलकॅट विमान पसंत केलं आणि कॉर्सेअर जमिनीवरून लढणाऱ्या मरीनांच्या पदरात पडलं. नंतर चाकांचे दट्टे सुधारले, उजव्या पंखाच्या कडेला एक लहानशी पट्टी बसवली आणि दोन्ही पंख सारखे वागू लागले. ब्रिटिश नौदलाचे वैमानिक तर बाजूने वळण घेत उतरायचे, म्हणजे शेवटपर्यंत डेक नजरेत राही.

डिसेंबर १९४४ च्या अखेरीस उलिथीच्या नांगरवाड्यात ‘एसेक्स’ जहाजावर दोन मरीन स्क्वॉड्रन चढल्या, व्हीएमएफ-१२४ आणि व्हीएमएफ-२१३. यांपैकी १२४ ही कॉर्सेअर घेऊन प्रत्यक्ष युद्धात उतरलेली पहिली स्क्वॉड्रन. वैमानिक अनुभवी होते, पण त्यांचा अनुभव बेटांवरच्या धावपट्ट्यांचा. खुल्या समुद्रात, ढगांत, हलत्या जहाजाचा ठाव काढत परतायचं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याच्या सरावाला त्यांना फारच थोडा वेळ मिळाला होता. पहिल्या काही दिवसांत शत्रूपेक्षा हवामानाने आणि उतरण्याच्या अपघातांनीच त्यांचे अधिक बळी घेतले. तरीही १९ फेब्रुवारी १९४५ रोजी इवोजिमावर मरीन उतरत होते, तेव्हा लेफ्टनंट कर्नल विल्यम मिलिंग्टन २४ मरीन कॉर्सेअर आणि नौदलाची २४ हेलकॅट घेऊन किनाऱ्यावरून अगदी खालून गेले. होड्यांतल्या माणसांनी मान वर केली, तेव्हा त्यांना आपल्याच दलाचे लोक दिसले.

जहाजावर जागा घेतली की जहाजाचं नशीबही वाट्याला येतं. १९ मार्च १९४५ रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फ्रँकलिन’वर दोन बॉम्ब पडले. डेकवर इंधन आणि दारूगोळा भरून उड्डाणासाठी तयार असलेली विमानं पेटली, त्यांचे रॉकेट सुटून फुटू लागले. सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत मरीन होते, नौदलाचे वैमानिक होते, आणि सर्वांत अधिक होते ते खलाशी, जहाजाच्या पोटात काम करणारे.

आता मी कोरियाकडे वळतो आणि तिथे थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या म्हणण्याचा खरा कस तिथे लागतो.

१९५० च्या उन्हाळ्यात उत्तर कोरियाचं सैन्य पुसान बंदराच्या जवळ आलं होतं. मरीनांची एक ब्रिगेड २ ऑगस्टला पुसानला उतरली. तिची विमानं होती ‘सिसिली’ आणि ‘बडोंग स्ट्रेट’ या दोन लहान विमानवाहू जहाजांवर. लांबी सुमारे १७० मीटर, वेग जेमतेम १९ नॉट. वारा पडला की एवढ्या वेगावर भरलेलं कॉर्सेअर उडवणं कठीण. ‘सिसिली’चे कप्तान होते जॉन थॅच. जपानी झिरो विमानांशी जोडीने लढण्याचा डाव ज्यांनी बसवला, तेच हे थॅच. ३ ऑगस्टला व्हीएमएफ-२१४ ची आठ कॉर्सेअर ‘सिसिली’वरून उडाली. तीन दिवसांनी ‘बडोंग स्ट्रेट’वरून व्हीएमएफ-३२३ सुरू झाली.

जपानहून येणाऱ्या वायुदलाच्या जेट विमानांचं बरंचसं इंधन येण्याजाण्यातच संपायचं. ही जहाजं मात्र आघाडीच्या बाजूबाजूने किनारा धरून सरकत. विमानं डोंगरावर घिरट्या घालत वाट पाहू शकत. आणि खरी गोम पुढेच आहे. मरीनांच्या प्रत्येक बटालियनबरोबर एक वैमानिक पायी चालत असे. पाठीवर पॅराशूट नाही, सोबतीला रेडिओवाले, पायांत बूट, अंगावर तोच घाम. कुठली टेकडी, तिचा कुठला उतार, आपली माणसं कुठवर पोचली आहेत, हे तो वरच्या वैमानिकाला वैमानिकाच्याच भाषेत सांगे. मरीन तुकड्या आपल्या पुढ्यात इतक्या जवळ विमानाचा मारा मागत, ते या विश्वासावरच. वरचा माणूस उद्या खाली येणार होता आणि खालचा कधी ना कधी पुन्हा वर जाणार होता.

११ ऑगस्टचा एक प्रसंग सांगतो. कोसाँगजवळ शत्रूचा मोठा मोटारींचा ताफा रस्त्यावर सापडला आणि ३२३ ची विमानं त्यावर तुटून पडली. त्यांत कॅप्टन व्हिव्हियन मोझेस होते. आदल्याच दिवशी त्यांचं विमान पडलं होतं आणि हेलिकॉप्टरने त्यांना उचलून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उडाले, पुन्हा पडले. या खेपेस भातखाचरात. धक्क्याने कॉकपिटबाहेर फेकले गेले, शुद्ध हरपली आणि वीतभर पाण्यात बुडून मेले. हेलिकॉप्टर थोड्याच वेळात पोचलं. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला ते खाचर, तो बांध, ते गढूळ पाणी डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. पुढच्या महिन्यात २१४ चे प्रमुख लेफ्टनंट कर्नल वॉल्टर लिशाइड सोलवर मारले गेले.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे गेलो, तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. याच विमानांनी नापामही टाकला. शत्रू गावांत दडत असे आणि गावं जळत. आपला सैनिक कुठे आहे हे वरच्या वैमानिकाला सांगणारा कोणीतरी खाली होता. एखाद्या कोरियन म्हातारीच्या बाजूने बोलणारा रेडिओवर कोणी नव्हता. या व्यवस्थेचं मी मनापासून कौतुक करतो, पण तिची ही बाजू झाकून ते कौतुक करता येत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयाजवळ, युद्धात उतरलेल्या चिनी सैन्याने मरीनांना वेढलं. पारा उणे तीस अंशांपर्यंत उतरला होता. समुद्रात ‘बडोंग स्ट्रेट’च्या डेकवर बर्फ साचे आणि तो खरवडून काढल्याशिवाय विमान हलत नसे. हागारू-रीहून कोतो-री आणि तिथून समुद्राकडे जाणारा एकच अरुंद डोंगरी रस्ता. जखमींना ट्रकांत घालून ती रांग मुंगीच्या पावलाने खाली उतरत होती आणि दिवसा तिच्यावर विमानांचा पहारा होता, मरीनांचा आणि नौदलाचाही. नौदलाचे एन्साइन जेसी ब्राउन, अमेरिकी नौदलाचे पहिले प्रशिक्षित कृष्णवर्णीय वैमानिक, ४ डिसेंबरला इथेच या मरीनांसाठी लढताना पडले. विमानात अडकलेल्या ब्राउनना सोडवायला त्यांचे सहकारी वैमानिक टॉमस हडनर यांनी आपलं चांगलं चालतं विमान मुद्दाम त्यांच्याशेजारी बर्फात उतरवलं. ब्राउन वाचले नाहीत. तेव्हा माया फक्त आपल्या दलापुरती असते, असं कृपा करून समजू नका. व्यवस्था नसली तरी माणसं असं करतात. पण प्रत्येक टेकडीवर हडनर भेटेल, या भरवशावर सैन्य चालवता येत नाही.

जून १९५२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच केला की मरीन कोअरमध्ये किमान तीन डिव्हिजन आणि त्यांच्याबरोबर तीन हवाई विंग असतील. पायदळ आणि विमानं एकाच ओळीत बांधली गेली. जहाजांवर जाणं पुढेही चालू राहिलं. १९७२ मध्ये ‘अमेरिका’ जहाजावरच्या व्हीएमएफए-३३३ च्या फँटमने व्हिएतनामवर मिग-२१ पाडलं. जानेवारी २०२२ मध्ये व्हीएमएफए-३१४ ही स्क्वॉड्रन एफ-३५सी विमानं घेऊन ‘अब्राहम लिंकन’वर मोहिमेला निघाली. आता विमान पडद्यावर टेकडीचं चित्र दाखवतं, अंतर मीटरमध्ये सांगतं. तरीही मरीन अधिकारी वैमानिक होण्याआधी व्हर्जिनियात क्वांटिकोला इतरांच्या बरोबरीने पायदळाची पलटण चालवायला शिकतो, आणि वैमानिक झाल्यावर त्यांतल्या कित्येकांना काही काळ बटालियनबरोबर जमिनीवर पाठवतात, रेडिओ घेऊन.