वेदनेचा हिशेब
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अंबत्तूर येथे दिलेले भाषण)



उत्सवाच्या मांडवात दुखण्याचा विषय काढल्याबद्दल प्रथम क्षमा मागतो. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षण बी. ए. पर्यंतचे, आणि सारी हयात केंद्र सरकारच्या हिशेबांत गेलेली. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, आणि पायात उतरणारी कळ मात्र राहिली. औषधे, व्यायाम, शेक सारे झाले. अखेर तज्ज्ञांनी मज्जारज्जूला मंद विद्युत्स्पंदने देणारे यंत्र सुचविले.

मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते आणि दुसऱ्या संवेदनांनी ते लोटून घेता येते, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडला. त्याच्या आधारे १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिले यंत्र रोग्याच्या शरीरात बसविले. आज मणक्याच्या पोकळीत बारीक तारा सरकवितात व विजेरीची लहानशी डबी त्वचेखाली ठेवतात. खर्च कित्येक लाखांचा. विजेरी संपली की डबी बदलणे आले. पुन्हा भारित होणारी डबी महाग, पण अधिक वर्षे टिकणारी. तेव्हा खरेदीची रक्कम हा एकूण खर्च नव्हे, हे आमच्याकडचा नवा कारकूनही सांगेल!

इंग्लंडात ‘नाइस’ ही संस्था निराळा प्रश्न विचारते: उपचाराने मिळालेले निरामय आयुष्याचे एक वर्ष कितीला पडले? २००८ साली साधारण वीस ते तीस हजार पौंडांच्या कसोटीवर तिने मज्जातंतूंच्या वेदनेसाठी हे यंत्र मान्य केले. अटी मात्र घातल्या. इतर उपचार करूनही सहा महिने वेदना शंभरात निदान पन्नास असावी, आणि आधी तात्पुरत्या तारांची चाचणी यशस्वी व्हावी. असे हिशेब मांडण्याची व्यवस्था आपल्या आरोग्य संशोधन विभागानेही २०१७ मध्ये उभी केली आहे.

पण जमेची बाजूच डळमळली तर? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील प्रयोगात पन्नास रोगी होते, नेमके आमच्या घरातल्यासारखे, शस्त्रक्रियेनंतर पायात कळ उरलेले. यंत्र कधी चालू, कधी त्यांच्या नकळत बंद ठेवले. लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानेही, कंबरदुखीसाठी हा उपचार संशोधनाबाहेर करण्यास पुराव्याचा आधार नाही, असाच निर्वाळा दिला.

आमच्यापुढे साताऱ्यास घर बांधण्यासाठी राखलेली ठेव होती. ती मोडण्यास आम्ही तयार होतो. समोर माणूस रात्र रात्र बसून काढीत असता पौंड आणि कसोट्या कोणाला सुचतात? चाचणी करावी, एवढेच ठरले. दुखणे निम्म्याने उतरले तर यंत्र, एरवी नाही, हा संकेत डॉक्टरांनी आधीच समजावला होता.

तो आठवडा सौभाग्यवतींनी दुधाच्या वहीत सकाळ-संध्याकाळ दुखण्याचा आकडा मांडला. शेजारच्या तमिळ मामी रसम घेऊन येत आणि आकडा विचारून जात. सातव्या संध्याकाळी आम्ही वही उघडली. आठाचे सहा झाले होते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, “निम्मे झाले नाही. तारा काढून घेऊ या. आणि ती वही इकडे द्या, दुधाचे पैसे मांडायचे राहिले आहेत.”