दुसऱ्या दिवशीची दया

प्रिय बंधुभगिनींनो, रायपूरहून प्रभूच्या नावाने सलाम.

लूकच्या 10व्या अध्यायातला शोमरोनी जखमा बांधून थांबत नाही. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देतो, वरचा खर्च परतताना फेडायचा शब्द देतो.

1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. रायपूर तेव्हा त्याच प्रांतात होतं. उपाशी, अनोळखी मुलींना त्यांनी केडगावला नेलं. तिथे घर दिलं, अक्षर दिलं, हाताला काम दिलं.

आज छत्तीसगडची कुटुंबं मजुरीसाठी तुमच्या गावी उतरतात. त्यांना पाणी द्याच. पण मजुरी बुडाली, लेकरू आजारी पडलं, तर दुसऱ्या दिवशीही त्यांची चौकशी करा, सोबत दवाखान्यात जा. शोमरोन्याने तेच केलं.

प्रभूची कृपा तुमच्यावर असो.